बर्फ बघायला निघालेली मंडळी आणि एप्रिलचं हिमवादळ : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातला एक सहल संयोजक. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर अशा बसच्या यात्रा नेण्यात त्याची हयात गेली. हिमाचल त्याने त्याआधी दोनदाच केलं होतं, दोन्ही वेळा मे महिन्यात. या खेपेला एप्रिलचा पहिला पंधरवडा ठरला. मे महिन्यात मनालीत पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलवाले म्हणतील तो दर द्यावा लागतो. शिवाय मंडळींची मागणी एकच होती: बर्फ हवा. मे महिन्यात बर्फ बघायला रोहतांग खिंडीपर्यंत चढावं लागतं. एप्रिलमध्ये तो खाली, खिंडीखालून लाहौलला जाणाऱ्या अटल बोगद्याच्या तोंडाशी भेटतो.

सहलीला अठ्ठावीस जण होते, फोंडा, डिचोली आणि वाळपई भागातले. बहुतेक साठीच्या आसपासचे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एका भजनी मंडळातल्या पाच-सहा बायका आणि एक निवृत्त डॉक्टरबाई, ज्या सहलीला आल्या होत्या, ड्यूटीवर नव्हत्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. रक्तदाबाच्या गोळ्या जवळजवळ सगळ्यांच्या पिशवीत, दोघांना दम्याचा त्रास, एका बाईंना रोज इन्सुलिन.

आखणी अशी: मडगावहून गोवा संपर्क क्रांतीने चंदीगड, तिथून दोन टेंपो ट्रॅव्हलर. शिमला दोन रात्री, मनाली तीन रात्री, मग अमृतसर दोन रात्री, एक रात्र चंदीगड आणि परतीची गाडी. मनालीच्या मधल्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे लाहौल खोऱ्यात, सिस्सूपर्यंत. खरं तर सगळी सहल या एका दिवसासाठीच होती. बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसवलेलं.

नावं आणि तारखा काढून टाकल्या आहेत. संयोजक, सहलीतले काही जण आणि चंदीगडचा गाडीमालक यांच्याशी बोलून, ग्रुपवरचे संदेश बघून हे लिहिलं आहे. अशा सहली नेणाऱ्यांना उपयोग व्हावा एवढाच हेतू.

येऊ घातलेलं वादळ

निघायला तीन दिवस उरले असताना हवामान खात्याच्या शिमला केंद्राच्या पत्रकात एका सक्रिय पश्चिमी झंझावाताचा उल्लेख आला. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारे हे कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. हिमाचलचा हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ त्यांच्यामुळेच. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. एप्रिलमध्ये त्यांची संख्या घटते, पण एखादा जोरकस आला तर तो वेगळाच त्रास देतो. मैदानात तोवर उन्हाळा तापू लागलेला असतो, अरबी समुद्रावरची आर्द्रता ओढली जाते, आणि मग वर बर्फ, मध्ये पाऊस, खाली गारपीट आणि वादळी वारे असा एकाच वेळी तीन मजल्यांचा कार्यक्रम होतो.

नेमका बर्फ कुठून सुरू होणार, हे तापमान ठरवतं. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढते. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, सिस्सू सुमारे ३,१०० मीटरवर. मनालीत चार अंश असताना पाऊस पडत असेल, तर सिस्सूत शून्याखाली दोन-तीन अंश आणि जोरदार बर्फ. तापमान दोन-तीन अंशांनी आणखी उतरलं की मनालीतही बर्फ. झंझावात येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. बर्फाची रेषा मनालीच्या वर राहील की खाली उतरेल, हे शेवटच्या दिवसापर्यंत डगमगतं.

वसंतातला बर्फ जड असतो, पाण्याने भरलेला. तो तारांवर आणि फांद्यांवर चिकटून बसतो, म्हणून वीज आधी जाते. कुल्लू खोऱ्यात त्याच सुमारास सफरचंदाची झाडं फुलावर येत असतात. पूर्ण फुलोऱ्यात तापमान शून्याखाली दोन अंशांच्या आसपास गेलं की फुलं करपायला लागतात, शून्याखाली चारच्या आसपास गेलं तर जवळजवळ सगळी जातात. खाली मंडी जिल्ह्यात पावसाने दरडी सैल होतात. पंजाब-हरयाणात गहू कापणीला आलेला, त्याच्यावर गारा. आपली अठ्ठावीस मंडळी याच पट्ट्यातून, नेमक्या याच दिवसांत, वर चढणार होती.

लाहौल-स्पीती, चंबा, कुल्लू आणि किन्नौरच्या उंच भागांसाठी आधी यलो इशारा आला. नंतर तो ऑरेंज झाला.

अडचण

सहलीच्या ग्रुपवर इशाऱ्याचा नकाशा पडला तेव्हा पहिली प्रतिक्रिया भजनी मंडळातल्या एका काकींची होती: "अहो, बर्फ बघायलाच तर चाललोय ना? मग बर्फ पडणार म्हणून घाबरायचं कशाला?" खाली हसण्याचे डझनभर चेहरे.

प्रश्न चुकीचा नव्हता. गोव्यातला माणूस इशाऱ्याचा रंग आपल्या पावसावरून वाचतो. जून-जुलैत ऑरेंज अलर्ट आठवड्याला येतो, म्हणून म्हार्दोळचा माणूस पणजीला जायचा थांबत नाही. रेनकोट घालतो आणि निघतो. हवामान खात्याच्या लेखी रंगाचा अर्थ सगळीकडे तोच आहे: यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे हालचाल करा. पण फोंड्यात ऑरेंजच्या दिवशी अडकलो तर फार तर तासभर उशीर होतो. लाहौलमध्ये अडकलो तर बोगदा बंद होतो आणि परतीचा दुसरा रस्ता नसतो. ३,९७८ मीटरवरची रोहतांगची जुनी वाट एप्रिलमध्ये बर्फाखालीच असते.

एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, यांनी ग्रुपवर तौक्तेची आठवण काढली. मे २०२१ मध्ये ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून पुढे गेलं, वारा एका दिवसात ओसरला, पण झाडं आणि खांब पडून कित्येक गावांत पुढे दिवसचे दिवस वीज नव्हती. "वादळ एक दिवसाचं, निस्तरणं आठवड्याचं," असं त्यांनी लिहिलं. या एका वाक्यामुळे चर्चेचा रोख बदलला, असं संयोजक नंतर म्हणाला. तोवर सगळे "पडेल की नाही" हेच विचारत होते. मास्तरांचा प्रश्न होता: पडल्यावर आपण कुठे असू, आणि तिथे दोन दिवस जास्त राहता येईल का?

अडचणीची दुसरी बाजू पैशाची. त्या वेळच्या नियमाप्रमाणे रेल्वेचं तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांआधी रद्द केलं तर ठरावीक कपात, त्यानंतर पंचवीस टक्के, बारा ते चार तास उरले असताना पन्नास टक्के. हॉटेलांची अर्धी रक्कम आधीच गेलेली. म्हणजे सगळ्यात स्वस्तात माघार घेण्याची वेळ आली तेव्हा अंदाज सगळ्यात कच्चा होता. अंदाज पक्का होईपर्यंत माघार महाग झालेली. संयोजकाच्या डोक्यावर त्या दोन दिवसांत हवामानापेक्षा हे घड्याळच जास्त होतं.

समोरचे पर्याय

सहल रद्द करणं किंवा पुढे ढकलणं. आठवड्यातून दोनदा सुटणाऱ्या गाडीत अठ्ठावीस जणांची जागा नव्याने मिळवणं म्हणजे मे संपणार. हा पर्याय कोणालाच नको होता, आणि माझ्या मते त्याची गरजही नव्हती. इशारा उंच भागाचा होता; चंदीगड, अमृतसर, शिमला यांना धोका नव्हता.

आखणी आहे तशी ठेवून जाणं. मनालीतल्या हॉटेलचा आणि गाडीमालकाचा कौल याच बाजूने होता. गाडीमालक फोनवर म्हणाला, येऊ द्या, एप्रिलचा बर्फ आहे, दोन दिवसांत रस्ते मोकळे होतात, तुमच्या लोकांना ताजा बर्फ मिळेल. यात खोटं काही नव्हतं. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर रस्ता होता आणि संयोजकाच्या डोळ्यांसमोर वीज नसलेल्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर, गुडघे धरून जिना चढणाऱ्या बायका असायला हव्या होत्या.

मनाली पूर्ण वगळून शिमला-अमृतसर-धरमशाळा करणं. सुरक्षित, पण मग लोकांनी पैसे कशासाठी भरले, हा प्रश्न उभा राहिला असता, आणि तो योग्यच होता.

आणि क्रम उलटा करणं: आधी अमृतसर, मग शिमला, शेवटी मनाली. झंझावात मधल्या दिवसांत निघून जाईल आणि आपण त्याच्या मागोमाग वर चढू. ही कल्पना डॉक्टरबाईंची.

पहिला निर्णय: गाडीत

४८ तासांची मुदत टळेपर्यंत संयोजकाने काहीच ठरवलं नाही, म्हणजे जायचं हे आपोआप ठरलं. क्रम बदलायचा की नाही ते मात्र गाडीत बसल्यावर ठरलं. ती बैठक सांगण्यासारखी आहे. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. संयोजक मनालीच्या हॉटेलवाल्याशी तारखा बदलण्याबद्दल बोलत होता, आणि "पैसे" हा शब्द आला की बोगदा येऊन फोन तुटत होता. समोरच्या बर्थवर शंकरपाळ्यांचा डबा फिरत होता, भजनी मंडळाने अभंग धरला होता, आणि एका कोपऱ्यात मास्तर, डॉक्टरबाई आणि संयोजक एका वहीत दोन रकाने आखून बसले होते.

हॉटेलवाला लवकर तयार झाला. झंझावाताच्या दिवसांतली आरक्षणं तशीही रद्द होऊ लागली होती. तारीख पुढे गेली तरी गिऱ्हाईक राहतंय, हे त्याला परवडणारं होतं. शिमल्यात सहज जमलं. अमृतसरला वैशाखीच्या आधीचे दिवस मिळाले, म्हणजे गर्दीही टळली. पनवेल यायच्या आत सगळं पक्कं झालं आणि संयोजकाने ग्रुपवर टाकलं: क्रम बदलला आहे, मनाली शेवटी.

त्याने कारण लिहिलं नाही. विचारायचं ते लोकांनी आपापसात विचारलं, आणि कोटा येईपर्यंत डब्यात तीन वेगवेगळी कारणं फिरत होती. एक असं की मनालीचं हॉटेल मिळालंच नाही.

वहीतल्या दोन रकान्यांत एक गोष्ट निसटली होती. जुन्या आखणीत मनाली सोडल्यावर परतीच्या गाडीआधी तीन रात्री हातात होत्या. नव्या आखणीत एकच. मनालीहून चंदीगडचा तीनेकशे किलोमीटरचा रस्ता, त्यात मंडी आणि पंडोहच्या मधला पट्टा, जो जुलै २०२३ च्या पुरात बियास नदीने ठिकठिकाणी खाल्ला आणि तेव्हापासून थोड्या पावसानेही दगड सोडतो, तो आता थेट परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी आला. गाडी चुकली तर दिल्लीच्या निजामुद्दीनहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज असते, पण अठ्ठावीस पक्की तिकिटं आयत्या वेळी कोण देणार? जोखीम डोंगरावरून उतरून रस्त्यावर येऊन बसली होती, आणि तिकडे त्या वेळी कोणाचं लक्ष नव्हतं.

वादळाचे दिवस

मंडळी अमृतसरला असताना झंझावात आला. सुवर्णमंदिरातून बाहेर पडताना धुळीचा लोट, मग विजा आणि जेमतेम दहा मिनिटं गारा. चण्याएवढ्या. बायकांनी ओंजळीत घेऊन फोटो काढले. शिमल्याला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आडवा झालेला गहू दिसत होता. ट्रॅव्हलरचा चालक त्याच भागातला, तो बराच वेळ काही बोलला नाही.

मनालीत बर्फाची रेषा खाली उतरली. शहरातही बर्फ साचला, मनालीहून बोगद्याकडे जाताना लागणाऱ्या सोलंगच्या पुढे वाहतूक थांबवली गेली, बोगदा पर्यटकांसाठी बंद, वीज दीड-दोन दिवस ये-जा करत राहिली. ज्या हॉटेलात आपल्या मंडळींची मूळ आरक्षणं होती, त्याच हॉटेलात गोव्यातलाच दुसरा एक गट त्या दिवसांत होता. जनरेटर संध्याकाळी तीन तास, गीझर बंद, अंघोळीला बादलीभर गरम पाणी. एका आजोबांना खोकला वाढून दवाखान्यात न्यावं लागलं. आणि तरीही त्या गटातले लोक सांगतात की आयुष्यातली सगळ्यात सुंदर सहल तीच. बाल्कनीत उभं राहून पडणारा बर्फ बघितला. आपल्या मंडळींना पडलेला बर्फ दिसला, पडताना नाही. ही तुलना पुढे फार गाजली.

दुसरा निर्णय: निरभ्र सकाळ

मंडळी मनालीला पोचली तेव्हा आभाळ धुऊन काढल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्सूला जायचं की नाही, यावर नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यात मोठा वाद झाला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, वादळ गेलं, आता कसली भीती. पण वसंतातल्या बर्फाचा धोका तो पडताना असतो तेवढाच, किंबहुना जास्त, तो पडून गेल्यानंतरच्या उन्हात असतो. जुन्या, घट्ट थरावर नवा ओला बर्फ बसलेला; ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, थर सैल होतो आणि उतारावरून सुटतो. म्हणून अशा दिवसांत दुपार वाईट, पहाट बरी. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता, माणसं पंधराव्या मैलाजवळ होती. मास्तरांना ही बातमी आठवत होती. त्यांनी ती टेबलावर मांडली आणि टेबल गप्प झालं.

त्या दिवशी प्रशासनाने सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाड्या सोडायचं ठरवलं होतं. त्याला अनुभवाचं कारण होतं: डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग भागात अचानक आलेल्या बर्फात हजारभर वाहनं अडकली आणि हजारो पर्यटक रात्री बाहेर काढावे लागले. ट्रॅव्हलर तर जाणारच नव्हत्या. हॉटेलशी संबंधित एका एजंटाने फोर बाय फोर गाड्या देऊ केल्या. मिळायच्या त्या अकरानंतर, म्हणजे परतताना दुपारचे तीन-चार वाजणार.

डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं: "सकाळी सातला मिळतील का?" नाही म्हणाला. "मग मी नाही." त्यांच्यामागून भजनी मंडळ नाही म्हणालं. बँकेतले दोघे आणि आणखी तिघे मात्र हट्टाला पेटले. परवानगी आहे, गाडी आहे, इतर लोक जाताहेत, मग आम्हालाच काय?

संयोजकाने इथे जो निर्णय घेतला तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला वाटतो, कारण तो कोणाला आवडणारा नव्हता. त्याने सांगितलं: सहलीतर्फे आपण सोलंगपर्यंत जाणार, आता लगेच निघणार, जेवायला परत. ज्यांना पुढे जायचं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावं, पण मग तसं लिहून द्यावं आणि घरी फोन करून सांगावं. घरी फोन करायची अट ऐकल्यावर पाचातले तीन बसले. दोघे गेले.

सोलंगला वाटेतल्या दुकानांतून भाड्याचे अंगरखे आणि गमबूट घेतले. साठीतल्या बायका बर्फात बसल्या, एकमेकींवर बर्फ उडवला, एकीने विठ्ठलाची छोटी मूर्ती पिशवीतून काढून बर्फात ठेवून फोटो काढला. गमबुटात बर्फ शिरून मोजे भिजले आणि तासाभरात सगळ्यांना चहा आठवला. साडेअकराला मंडळी खाली.

आणि ते दोघे? सिस्सूला गेले, धबधबा गोठलेला बघितला, चार वाजता सुखरूप परतले. त्या दिवशी पलीकडे काहीही झालं नाही. संध्याकाळी त्यांचे फोटो ग्रुपवर आले आणि संयोजकाने आम्हाला उगाच अडवलं, असं बोललं जाऊ लागलं.

काही झालं नाही म्हणून तो निर्णय चूक ठरत नाही. पण हे तत्त्व हॉटेलच्या जेवणघरात, समोरच्याच्या मोबाइलवर गोठलेला धबधबा दिसत असताना, कोणाला पटवता येत नाही.

एक बाब त्या गडबडीत जवळजवळ सुटली होती. इन्सुलिन घेणाऱ्या बाईंनी जादा पेनं सूटकेसमध्ये ठेवली होती आणि सूटकेस रात्री ट्रॅव्हलरच्या टपावरच बांधलेली राहिली होती. गोव्यात आपण इन्सुलिन उष्णतेपासून जपतो. ते गोठलं तरी निकामी होतं, हे लक्षात येत नाही. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं म्हणून कळलं. ती पेनं टाकून दिली आणि मनालीच्या बाजारातून नवी घेतली.

तिसरा निर्णय: एक रात्र सोडून देणं

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या लक्षात ती निसटलेली गोष्ट आली. पुढचा, कमी जोराचा झंझावात यलो इशाऱ्यासह येत होता, आणि मधल्या उंचीवर पाऊस म्हणजे पंडोहला दगड. मास्तरांचं म्हणणं: उद्याची मनालीची रात्र सोडा, दुपारी निघा, अवघड पट्टा ओलांडून सुंदरनगरला मुक्काम करा. हॉटेलचे पैसे गेले तर गेले.

यावर मत घेतलं नाही. संयोजकाने थेट जाहीर केलं. सिस्सू न मिळालेल्यांना ही दुसरी कात्री वाटली.

दुपारी निघाले आणि पंडोहच्या अलीकडे अडकले. दगड आले होते, यंत्र काम करत होतं. लहान गाड्या बजौराहून कटौलाच्या रस्त्याने वळवल्या, त्या वाटेने ट्रॅव्हलर सोडत नव्हते. पाच तास. पाऊस नव्हता, थंडीही फार नव्हती. हाल झाले ते बायकांचे, कारण एका बाजूला कडा, एका बाजूला नदी आणि आडोसा कुठेच नाही. खायला उरलेल्या शंकरपाळ्या आणि एका ट्रकवाल्याने दिलेली संत्री. रात्री अकरानंतर सुंदरनगर.

दुसऱ्या दिवशी रस्ता सकाळपासून सुरू होता. म्हणजे मूळ वेळेला निघाले असते तरी गाडी मिळाली असती.

निष्पत्ती

सगळे धडधाकट परतले. गाडी चुकली नाही. अंगावर दुखणं कोणी आणलं नाही. सहलीचं जे केंद्र होतं, सिस्सू, ते सव्वीस जणांना मिळालं नाही. मनालीतली एक रात्र गेली. सहलीनंतर तिघांनी पैशाचा काही भाग परत मागितला. संयोजकाच्या पावतीमागे बारीक अक्षरात "हवामानामुळे कार्यक्रमात बदल होऊ शकतो" असं होतं. बदल झाला तर पैशाचं काय, हे नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा करणं योग्य होतं, पण अर्धवट. शिमल्याची एक रात्र कमी करून ती शेवटी चंदीगडला ठेवली असती, तर मनालीहून घाईने निघावं लागलं नसतं. गाडीत वहीवर दोन रकाने आखले तेव्हा तिसरा हवा होता: हा रस्ता एक दिवस बंद पडला तर पुढचं काय कोसळतं?

कारण न सांगता बदल कळवणं ही सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. पनवेलच्या आधी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर मनालीत टेबलावर अविश्वास घेऊन कोणी बसलं नसतं. लोकांना बर्फ नाकारला गेल्याचा राग कमी होता. आपल्याला न विचारता ठरवलं, याचा जास्त होता.

मुदत टळू देणं हा निर्णयच होता, फक्त तो घड्याळाने घेतला. तीन दिवस आधी पत्रक आलं तेव्हाच, तिकिटं ठरावीक कपातीत सोडता येत असताना, दम्याच्या दोघांना आणि इन्सुलिनवाल्या बाईंना फोन करून "असं असं दिसतंय, तुमचं काय?" हे विचारता आलं असतं. एकाने नंतर सांगितलं की विचारलं असतं तर मी थांबलो असतो.

स्थानिक माणसाचा सल्ला घ्यावाच, पण त्याला नेमकं विचारावं. "येऊ का?" या प्रश्नाला मनालीत कोणीही "या" म्हणणार. वीज गेली तर जनरेटर किती तास, खोल्या कितव्या मजल्यावर, जवळचा दवाखाना किती लांब, गेल्या वेळी रस्ता किती दिवस बंद होता: याची उत्तरं तोच माणूस खरी देतो.

सिस्सूबद्दल मतं अजून विभागलेली आहेत. मास्तर म्हणतात पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच. डॉक्टरबाई म्हणतात, आदल्या रात्रीच स्थानिक टॅक्सी युनियनकडून पहाटेच्या गाड्या ठरवल्या असत्या तर सगळ्यांना नेता आलं असतं, चूक हिमतीची नव्हती, तयारीची होती. मला डॉक्टरबाईंचं जास्त पटतं.

संयोजकाने पुढच्या हिमाचल सहलीच्या अर्जात औषधांचा रकाना घातला आहे आणि मनाली मधल्या दिवसांत, अमृतसर शेवटी अशी आखणी परत आणली आहे. पावतीवर आता ठळक अक्षरात लिहिलं आहे की हवामानामुळे सोडलेल्या मुक्कामाचे हॉटेलकडून परत मिळतील तेवढेच पैसे दिले जातील. त्या तिघांचा वाद मात्र मिटलेला नाही. मनालीच्या हॉटेलने सोडलेल्या रात्रीचे पैसे परत न करता पुढच्या मुक्कामात वळते करून देऊ असं कळवलं आहे, आणि तिघांपैकी एकाचं म्हणणं आहे की मी पुन्हा जाणारच नाही, मग मला ते काय कामाचे.